किनाऱ्याला ओढलेली गाडी

माझी मुलगी डिझायनर आहे. म्हणजे ती नक्की काय करते हे मला अजून कुणाला नीट सांगता येत नाही, पण तिच्या बोलण्यात दर दोन वाक्यांनी 'रेट्रो' येतं एवढं माझ्या लक्षात आलंय. आम्ही ज्या वस्तू भंगारवाल्याला हात जोडून देऊन टाकल्या, त्याच वस्तूंचे फोटो ती पुन्हा पुन्हा काढते. गोल डायलचा फोन, पत्र्याची ट्रंक, वेताची खुर्ची, निळ्या फुलांचा थर्मास. एकदा मला वाशीच्या एका कॅफेत घेऊन गेली. तिथे टेबलं म्हणून शिलाई मशिनं मांडलेली आणि चहा तारेच्या जाळीतल्या ग्लासातून. "आई, किती ऑथेंटिक आहे ना?" म्हणाली. मी म्हटलं, "हो, आता ग्लासावर एक माशी बसली की झालं." त्यावर ती माझ्याशी घरी येईपर्यंत बोलली नाही.

तिच्या मोबाइलमध्ये अमेरिकेतल्या जुन्या स्टेशन वॅगनचे फोटो खच्चून भरलेत. लांबलचक गाड्या, मागे सामानाला ऐसपैस जागा, आणि दोन्ही बाजूंना लाकडाच्या पट्ट्या. एका रविवारी ओट्यावर बसून ती हे फोटो आजोबांना दाखवत होती. "आबा, गंमत सांगू? सुरुवातीला हे खरं लाकूड असायचं. नंतर नंतर सगळं खोटं. लाकडाचं चित्र छापलेला कागद चिकटवायचे."

आबा म्हणजे माझे सासरे. मी माहेरच्या सवयीने त्यांना मामंजी म्हणते. त्यांनी चष्मा वर सरकवून फोटो बघितला आणि म्हणाले, "कागदाची गाडी? आनि पान्यात काय करतात, सुकत घालतात?"

त्यांना हसायचा पूर्ण अधिकार होता, कारण ते ज्या ओट्यावर बसले होते त्याच्या समोर त्यांची स्वतःची वॅगन उभी होती आणि तिचं लाकूड अस्सल सागवान होतं. घणसोली गावातल्या आमच्या गल्लीत आता दोन स्कूटर समोरासमोर आल्या तरी एकीला मागे जावं लागतं. घरांवर मजले चढले, मजल्यांवर भाडेकरू चढले, मागे टॉवर उभे राहिले. पण आमच्या दारासमोरची गाडीपुरती जागा मामंजींनी कुणाला दिली नाही. तिथे ती उभी असते. गोल दिव्यांची, पुढे एकच सलग सीट, गिअर स्टिअरिंगजवळ, रंग कधीकाळी दुधी होता, आणि कमरेपासून खाली दोन्ही बाजूंना काळसर, तेल पिऊन चमकणाऱ्या फळ्या. त्या फळ्या कुठून आल्या हे मुलगी सांगायला लागली की तिच्या मित्रमैत्रिणी तोंडात बोटं घालतात.

त्या फळ्या होडीच्या आहेत. मामंजी इथलेच, आगरी. घरची भातशेती होती, मिठागरात वाटा होता आणि खाडीत एक होडी होती. नवं शहर आलं तेव्हा शेत गेलं, मागोमाग मिठागर गेलं. होडीला कुणी हात लावला नाही, पण खाडीच अशी गाळाने भरत गेली की होडी वर्षातला बराच काळ चिखलात तिरकी बसून असायची. त्याच सुमारास इथल्या कारखान्यांच्या पट्ट्यातले एक साहेब बदली होऊन निघाले होते आणि त्यांना ही जुनी वॅगन कुणाच्या तरी गळ्यात मारायची होती. गळा मामंजींचा सापडला. गाडीच्या बाजूंना शोभेच्या लाकडी पट्ट्या होत्या, त्यांना वाळवी लागलेली. मामंजींनी दोन दुखण्यांवर एकच औषध काढलं. होडी मोडली आणि दिवाळे गावाहून होड्या बांधणारा सुतार बोलावून त्याला सांगितलं, हिच्या फळ्या तिला बसव.

सुताराने उभ्या जन्मात मोटारीला हात लावला नव्हता. त्याने ओळखीचं काम केलं. म्हणजे गाडीची होडी बांधली. फळीवर फळी चढवून तांब्याचे खिळे मारले, सांध्यांत कापसाच्या वाती ठोकून बसवल्या, त्यावर राळ ओतली आणि सगळ्यावर माशाच्या तेलाचा हात मारला. जाताजाता त्याला दारांच्या तळाशी छोटी छोटी भोकं दिसली. काचेवरून आत उतरलेलं पाणी खाली निघून जावं म्हणून गाडी बनवणारे ती मुद्दाम ठेवतात. सुताराला आणि मामंजींना वाटलं, कारखान्याची चूक. तळाला भोक म्हणजे काय चेष्टा आहे? दोघांनी मिळून सगळी भोकं शोधून शोधून बुजवली आणि वर समाधानाने विडी ओढली.

ह्याच गाडीतून मी लग्न होऊन घणसोलीत आले. माहेर सानपाड्याचं, मूळचे आम्ही घाटावरचे, वडील कंपनीत नोकरीला. घरात मासे आठवड्यातून एकदा आणि तेही खिडक्या उघडून. मे महिना, डोक्यावर ऊन, मी भरजरी शालूत, आणि आसपास माशाच्या तेलाचा असा दर्प की मला हळदीचा, फुलांचा, कसलाच वास येईना. सानपाडा ते घणसोली केवढंसं अंतर, पण गाडी वाटेत थांबवायला लागली आणि नव्या नवरीने रस्त्याच्या कडेला जे करू नये ते केलं. दारात सासूबाई ओवाळायला उभ्या होत्या. माझा चेहरा बघून त्यांनी आत आवाज दिला, "लिंबू आना रं कोनी! पोरीला गाडी नाय, बोट लागली." त्या आता नाहीत, पण त्या दिवशी त्या किती हसल्या होत्या ते मला आजही दिसतं, आणि तेव्हा आलेला राग आता कुठे शोधूनही सापडत नाही.

मग आला पावसाळा. माझा नवरा आणि मी महाप्याला कामावर निघालो होतो, गाडीत दोघंच. वळण घेतलं की डुबुक असा आवाज यायचा. ब्रेक मारला की पुढून डुबुक, सोडला की मागून. नवऱ्याला वाटलं, मी बाटली उघडी ठेवलीय. मला वाटलं, त्याने काहीतरी ठेवलंय. शेवटी मी दाराला कान लावला. दाराच्या आत पाणी डचमळत होतं. चारही दारं अर्ध्यापर्यंत भरलेली. तुर्भ्याच्या मेकॅनिकने दार आतून उघडलं आणि नवऱ्याला म्हणाला, "भाई, इसमें तो मछली पाल सकते हो." तो बुजवलेली भोकं उघडणारच होता, पण मागाहून पोचलेल्या मामंजींनी त्याला हात लावू दिला नाही. पाणी मग तांब्याने उपसलं. होडीतलं उपसतात तसंच.

पुढच्या वर्षी ज्येष्ठ संपायला आला तेव्हा मामंजींनी गाडी विटांवर चढवली, वरून प्लास्टिक घातलं, त्यावर माडाच्या झापांनी शाकारली आणि दोऱ्या आवळून बांधल्या. पावसाळ्याआधी होड्या किनाऱ्याला ओढून ठेवतात, तसं. मी विचारलं, "आता हे कधीपर्यंत?" म्हणाले, "पुनवंपरत." म्हणजे नारळी पौर्णिमेपर्यंत.

तेव्हापासून दरवर्षी हेच. जगातली माणसं पावसासाठी गाडी घेतात. आम्ही पाऊस आला की गाडी बांधून ठेवायचो आणि छत्री घेऊन रिक्षा शोधत फिरायचो. शाळेत जाणाऱ्या पोरीला कडेवर घेऊन, दप्तर पिशवीत गुंडाळून मी स्टॅंडवर उभी असायची, आणि घरासमोर आख्खी मोटार झापांखाली सुखात झोपलेली. शेजारणी विचारायच्या, "गाडी बिघडली का?" मी म्हणायची, "नाही, तिचा चातुर्मास आहे." पौर्णिमेला मात्र थाट असायचा. दोऱ्या सुटायच्या, फळ्यांना नवं तेल, बॉनेटला हार. मामंजी सोनेरी कागद लावलेला नारळ मांडीवर घेऊन खाडीपर्यंत गाडी चालवत जायचे, नारळ पाण्यात सोडायचे, आणि मग आमचा मोटारीचा मोसम सुरू व्हायचा.

ह्या सगळ्याचं कारण माझ्या मते स्पष्ट होतं. दारांत पाणी भरतं, भोकं उघडू द्यायची नाहीत, म्हणून पावसात गाडी काढायची नाही. हट्टाला लावलेला नियम. इतकी वर्षं मी असंच समजत होते आणि दर पावसाळ्यात थोडी थोडी चिडत होते.

मग मुलीचं लग्न ठरलं. मुलगा खांदेश्वरचा, घरचे मूळचे मराठवाड्यातले, बौद्ध. साधी, हसरी माणसं. मुहूर्ताचा काही प्रश्नच नव्हता, आणि दोघांनाही नोंदणी पद्धतीनेच लग्न करायचं होतं. नोटिशीची मुदत, मुलाच्या सुट्ट्या, ऑफिसात मिळालेली वेळ असं सगळं जुळवत तारीख पडली ती ऐन आषाढात.

मुलीने कशाचाच हट्ट धरला नव्हता. हॉल नको, बँड नको, दागिने तर नकोच. तिचं एकच मागणं होतं. आबांच्या गाडीतून जायचं आणि आबांनी शेजारी बसायचं. माझ्या दोन्ही नणंदा त्याच गाडीतून सासरी गेल्या, घरातली प्रत्येक मुलगी त्याच गाडीतून गेली, आणि ही तर लहानपणापासून त्या गाडीच्या मागच्या भागात उशी टाकून झोपत आली होती. त्यात आबांची तब्येत. त्या हिवाळ्यात ते छातीच्या दुखण्यातून उठले होते. पुढचं कुणी बोलून दाखवत नव्हतं, पण आत्ता नाही तर मग केव्हा, हे तिच्या डोळ्यांत मला दिसत होतं.

ती त्यांच्याजवळ गेली तेव्हा ते लसूण सोलत बसले होते. तिने तारीख सांगितली. त्यांनी बोटांवर मोजलं आणि म्हणाले, "आखाड हाय. पुनवंला नेन ना तुला."

"आबा, तारीख सरकारी आहे. बदलत नाही."

"माजी बी बदलत नाय."

ती हसली, तिला वाटलं चेष्टा करतायत. संध्याकाळी पुन्हा विचारलं, दुसऱ्या दिवशी पुन्हा. उत्तर तेच, आवाजही तोच. चौथ्यांदा विचारायला गेली नाही. मुलाने फोनवर सुचवलं की भाड्याने व्हिंटेज गाडी मिळते, हारबीर घालून देतात. मुलगी म्हणाली, "भाड्याने आबा पण मिळतात का?" आणि फोन ठेवून आत जाऊन पडून राहिली.

तिथे माझं डोकं फिरलं. मी नवऱ्याला म्हटलं, तू बोल तुझ्या वडिलांशी. तो म्हणाला, "मी बोललो तर गाडी दिवाळीपर्यंत नाही निघणार." मग मी स्वतःच कामाला लागले. नियमाचं मूळ भोकांत आहे ना? मग भोकंच उघडून टाकू. दारांत पाणी साठलंच नाही तर मामंजी सांगणार काय?

एका रविवारी ते खाडीकडे फेरी मारायला गेले ते बघून मी तुर्भ्याहून मेकॅनिक आणला. जुन्याचा मुलगा होता, पण गाडी त्याला ऐकून माहीत होती. तो मला लांबूनच म्हणाला, "मछलीवाली गाडी ना?" आम्ही दोऱ्या सोडल्या, झापं बाजूला केली. त्याने दारांच्या तळाची जुनी राळ कोरून कोरून काढली आणि एकेक भोक मोकळं केलं. मग मी स्वतः बादली आणून काचेच्या फटीतून पाणी ओतलं. खालून धार लागली. इतका आनंद झाला की मी त्या मेकॅनिकला पोहे करून घातले.

तेवढ्यात मामंजी गल्लीच्या तोंडाशी दिसले. येऊन उभे राहिले. उघडी पडलेली गाडी बघितली, मला बघितलं, पोहे खाणाऱ्याला बघितलं. मी पुन्हा बादली ओतली. ते वाकून बसले, दाराखाली हात धरला, पाणी हातावरून वाहू दिलं.

"बरा केलास," म्हणाले. "पत्रा गंजनार नाय."

मला वाटलं, जिंकले. "मग नेणार ना तिला?"

"नेन की. पुनवंला."

मेकॅनिकने बशी खाली ठेवली आणि निरोप न घेताच निघून गेला, इतका माझा आवाज चढला. इतक्या वर्षांचं सगळं बाहेर आलं. स्टॅंडवर भिजलेली मी, दप्तरं, ताप आलेली पोर, शेजारणींची कुजकी विचारणी. शेवटी म्हटलं, "एका नातीपेक्षा तुमचा नियम मोठा झाला का? गाडी आहे ती, मामंजी! होडी नाही. बुडणार नाही ती!"

ते ओट्यावर बसले. मला वाटलं, आता रागावतील. सासरी आल्यापासून ते माझ्यावर कधी रागावले नव्हते, आणि मी तर आज हद्दच केली होती. पण ते हळूच म्हणाले, "ठावं हाय मना, बुडनार नाय."

मग म्हणाले, "बाय, शेत गेला तवा मना कोन इचारायला नाय आयला. मिठागर गेला तवाबी नाय. खाडी बुजली, ती त कोनी सांगितली पन नाय. कवा काय बंद करायचा नि कवा काय चालू करायचा, सगला दुसऱ्यांनी ठरवला. पावसात होडी काढायची नाय नि पुनवंला नारल देऊन काढायची, येवढा येकच माज्या हातात ऱ्हायलाय. त्यो पन आता मीच मोडू?"

माझ्या हातात रिकामी बादली होती. ती कुठे ठेवावी हेच मला सुचेना. मला रडू आलं, आणि रडू येतंय ह्याचाही राग आला. इतकी वर्षं एका घरात राहून ह्या माणसाला मी हट्टी म्हणत होते, आणि हा माणूस दरवर्षी आपल्या हातात उरलेली एवढीशी गोष्ट झापांखाली जपून ठेवत होता. मी बादली तिथेच ठेवली आणि त्यांच्याशेजारी ओट्यावर बसले. वळून बघितलं तर दाराच्या चौकटीत मुलगी उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

रात्रीच्या जेवणाला तिने भाकरी मोडता मोडता जाहीर केलं, "सही ठरल्या तारखेला. पाठवणी पौर्णिमेला."

"म्हणजे?" तिचे बाबा म्हणाले.

"म्हणजे ऑफिसात रिक्षाने जाऊ, सह्या करू आणि मी इथेच परत येईन. सासरी आबा नेतील तेव्हा जाईन."

तिने तिथेच मुलाला फोन लावला, स्पीकरवर. तो बिचारा आधी गोंधळला. "लग्न झाल्यावर तू माहेरीच राहणार?"

"हो."

"कधीपर्यंत?"

"समुद्राला विचार."

पलीकडून हसण्याचा आवाज आला. म्हणाला, "बरं. तोवर मी भात लावायला शिकतो." त्याच्या आईने फोन घेतला आणि मला म्हणाल्या, "ताई, आमच्यात मुहूर्त बघत नाहीत, पण तुमचा हा मुहूर्त मला आवडला." मामंजी सगळं ऐकत होते. मान खाली घालून जेवत राहिले आणि त्या दिवशी अर्धी भाकरी जास्त घेतली.

सह्यांच्या दिवशी आम्ही दोन रिक्षा करून गेलो. साक्षीदार म्हणून मामंजींनी सही केली. सावकाश, एकेक अक्षर गिरवत, आणि झाल्यावर पेन टोपण लावून साहेबांच्या हातात दिलं. बाहेर आल्यावर सगळ्यांनी वडापाव खाल्ले. मग नवरदेव खांदेश्वरच्या दिशेने गेला आणि नवरी आमच्याबरोबर घणसोलीला आली.

त्यानंतरचे दिवस मजेत गेले, निदान आमचे. गावाचं मात्र काही जमेना. लग्न झालेली पोरगी सकाळी गच्चीत कपडे वाळत घालतेय म्हटल्यावर प्रत्येक खिडकीला प्रश्न पडला. समोरच्या काकू एकदा साखर मागायला आल्या आणि साखर घेतल्यावरही उभ्याच. "पोर सासरी नांदत नाय का गो?" मी म्हटलं, "नांदेल की. पाऊस कमी होऊ दे." त्यांना वाटलं, खांदेश्वरला पाणी साठतं.

जावई दर रविवारी यायचा, हातात काहीतरी खाऊ, पाहुण्यासारखा दारात चपला नीट लावून ठेवायचा. घरात तर बोलायला जागा नाही. मग ही दोघं झापांचा कोपरा उचलून गाडीत जाऊन बसायची, मागच्या भागात, चहाचे कप घेऊन. आम्ही प्लास्टिकवर पावसाचा आवाज ऐकत बाहेर. मामंजींना त्या बाजूने जायचं असलं की ते इतक्या मोठ्याने खाकरायचे की वरच्या मजल्यावरचे भाडेकरू खाली बघायचे. मी मुलीला म्हटलं, लग्नाआधी तरी एवढे भेटलात का? ती म्हणाली, "आई, हे खरं रेट्रो." पहिल्यांदाच मला तो शब्द पटला.

पौर्णिमेच्या दिवशी पहाटेपासून घरात नारळी भाताचा वास. दोऱ्या सुटल्या, झापं उतरली. फळ्यांना तेल लावायची वेळ आली तेव्हा मी मुलीला म्हटलं, "हे बघ, बाजारात लाकडाचं चांगलं पॉलिश मिळतं, लिंबाच्या वासाचं." तिने माझ्याकडे असं बघितलं की मी स्वयंपाकघरात निघून गेले. ती स्वतः बसली, लग्नाची मेंदी उतरून गेलेल्या हातांनी, आणि फळीफळीला माशाचं तेल चोळलं. साडी नेसायच्या आधी आंघोळ कर एवढंच मी दारातून ओरडले.

मामंजींना डॉक्टरांनी गाडी चालवायला मनाई केलेली. मग चालवायची कुणी? मुलगीच बसली स्टिअरिंगवर, हिरव्या साडीत, पदर कमरेला खोचून. ते गिअर तिला आबांनीच शिकवले होते. मामंजी तिच्या शेजारी, नारळ मांडीवर. मी आणि नवरा मागे, बॅगांच्या आणि भाताच्या पातेल्याच्या मध्ये. आधी खाडीवर गेलो. खारफुटीतून वाट काढत पाण्यापर्यंत पोचलो, मामंजींनी नातीच्या हाताला आपला हात लावून नारळ सोडला. तो जरा वेळ चिखलाजवळच घुटमळला, मग ओहोटीने ओढून नेला.

पुढे हायवे. भुरभुर पाऊस होताच. बाजूच्या गाड्यांतली माणसं काचा खाली करून फोटो काढत होती. स्वतःच गाडी चालवत सासरी निघालेली नवरी बघून एका टेंपोवाल्याने आनंदाने भोंगा वाजवला आणि कळंबोलीपर्यंत आमच्यामागे वाजवत आला. मामंजी ताठ बसले होते. मधूनमधून मुलीला सांगत, "हलू. घाई नको. डावीकडं धर."

खांदेश्वरला मुलीच्या सासूबाई फुलं घेऊन खाली उभ्या होत्या, जावयाने खरोखर भात लावायला शिकून घेतलं होतं आणि तो भात किंचित करपलेलाही होता. आमचा नारळी भात आणि त्याचा करपलेला भात दोन्ही संपले. मग निघायची वेळ झाली. मी लिफ्टमध्येच रडून घेतलं म्हणजे खाली धड बोलता येईल. गाडीजवळ आलो. माझा नवरा स्टिअरिंगवर बसला, मी मागे. मामंजी अजून बाहेरच उभे होते. मुलगी त्यांच्या पाया पडायला वाकली, त्यांनी तिला दंडाला धरून उभं केलं.

"काय लागला, कोनी काय बोलला, दुखला-खुपला त फोन कर," म्हणाले. "मी येन."

तिचे डोळे भरले होते, पण चेष्टा केल्याशिवाय राहील तर ती माझी मुलगी कसली. "आणि आषाढात केला तर? रिक्षाने येणार का, आबा?"

मामंजींनी गाडीकडे बघितलं. फळीवर एक हात ठेवला आणि काढला.

"आखाड असला तरी," ते म्हणाले. "गाडी घेऊन येन."

मुलगी हसत होती ती एकदम थांबली आणि त्यांच्या गळ्यात पडली. नवऱ्याने गाडी सुरू केली तरी ती त्यांना सोडत नव्हती.